घरी केलेला बोन ब्रॉथ (हाडांचा रस्सा) फ्रिजमध्ये जेलीसारखा गोठत का नाही? त्यातून जिलेटिन करता येतं का?

तुम्ही लिहिलंय की मटणाच्या नळ्या दिवसभर उकळल्या, व्हिनेगरही घातलं, तरी सकाळी फ्रिजमधून काढल्यावर खाली पाणी आणि वर चरबीचा थर. होणारच तसं. नळीत मगज असतो आणि मगज म्हणजे बहुतेक चरबीच. रस्सा जेलीसारखा गोठवतं ते जिलेटिन, आणि ते तयार होतं कोलॅजेन नावाच्या प्रथिनापासून; हे कोलॅजेन असतं कातडीत, स्नायू हाडाला बांधणाऱ्या शिरांत आणि सांध्यांच्या कुरकुरीत हाडांत. म्हणून नळ्या सोडा, पाये आणा.

बेळगावात रविवारी मटणाच्या दुकानात गर्दी असते ती मांडीसाठी; पाये त्या मानाने स्वस्तात मिळतात. दुकानदार कन्नड बोलणारा असला तर ‘नाल्कु कालु’ म्हणा, चार पाये हातात येतील. भाजून, खरवडून, तुकडे करूनच घ्या. घरी गॅसवर केस जाळत बसलात तर वास दोन दिवस घर सोडत नाही. कातडी मात्र काढू देऊ नका, खरा माल तिथेच आहे.

घरी आल्यावर हळद आणि थोडं पीठ चोळून धुवा. मग पाण्यात एक उकळी काढून ते पाणी फेकून द्या, सगळा काळपट फेस त्याबरोबर जातो. आता ताजं गार पाणी घाला, पण पाये जेमतेम बुडतील इतकंच. चार पायांना सव्वा लिटर पुष्कळ झालं. न गोठण्याचं दुसरं कारण हेच असतं: माणसं पातेलं भरून पाणी ओततात आणि जिलेटिन त्यात पातळ होऊन जातं. आलं, ठेचलेला लसूण, चार मिरे घाला. मीठ शेवटी, कारण रस आटला की खारटपणा वाढतो.

कुकरमध्ये पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर तास-सव्वा तास. उघड्या पातेल्यात पाच-सहा तास, आणि तेही खदखदा उकळायचं नाही, नुसते बुडबुडे येत राहायला हवेत. जोरात उकळलं की चरबी फेटली जाऊन रस दुधाळ होतो. आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंचावर आहे, त्यामुळे पाणी 100 अंशांच्या थोडं आधीच उकळतं. फरक बारीक, आणि कुकरमध्ये तो आणखीच कमी. चोवीस तास उकळायचा जो सल्ला फिरतो तो पायांसाठी विसरा. फार वेळ उकळल्यावर जिलेटिनचेच तुकडे पडतात आणि जेली ढिली होते.

व्हिनेगरने हाडातलं कॅल्शियम पाण्यात उतरतं म्हणतात. उतरतं ते नाममात्र. कपभर दुधात साधारण 300 मिलिग्रॅम असतं, रस्सा त्याच्या जवळपासही जात नाही. रस्सा गुडघ्यांना चांगला म्हणतात, त्याचंही तसंच आहे. पोटात गेलेलं जिलेटिन पचून त्याची अमिनो आम्लं होतात, ते सरळ गुडघ्यात जाऊन बसत नाही. आणि ट्रिप्टोफॅन हे शरीराला लागणारं एक अमिनो आम्ल त्यात नसतं, म्हणून त्याला पूर्ण प्रथिनही म्हणता येत नाही. युरिक ॲसिड वाढलेल्यांनी, मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच प्यावं. चवीसाठी प्या ना! आमच्या घरी हाच रस आधी अळणी म्हणून वाटीभर बाजूला निघतो, आजाऱ्याला आणि पोरांना. उरलेल्यात कांदा-खोबऱ्याचं वाटण पडतं.

गाळलेला रस उथळ भांड्यात लवकर गार करा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वरची चरबी चमच्याने उचलून घ्या, खाली जेली दिसेल. ती एप्रिलच्या दुपारी ओट्यावर ठेवली तर पुन्हा पाणी होते, त्यात बिघडलं काही नाही, तिशीच्या पुढच्या तापमानाला जिलेटिन वितळतंच. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, त्याहून जास्त ठेवायची तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा.

राहिला जिलेटिन पावडरचा प्रश्न. जेली आटवून, पातळ पसरून, वाळवून कुटता येते, पण मी कुणाला करा म्हणणार नाही. ओलसर जिलेटिनवर जंतू झपाट्याने वाढतात, आणि बेळगावजवळच्या कणकुंबी-जांबोटीकडे पावसाळ्यात तर पापड वाळत नाहीत. वाळलंच तरी मटणाचा वास जात नाही, मग ते गोड जेलीत घालणार कसं? बाजारातलं जिलेटिन डुकराच्या किंवा गुरांच्या कातडी-हाडांना आम्लाची नाहीतर चुन्याची प्रक्रिया करून, गाळून, शुद्ध करून बनतं. ते घरच्या चुलीचं काम नव्हे. गोडासाठी चायना ग्रास आणा. ते समुद्री शेवाळाचं असतं, शाकाहारी पाहुण्यालाही चालतं आणि फ्रिजबाहेर वितळत नाही. फळं घालायची असली तरी तेच बरं: न शिजवलेला ताजा अननस किंवा पपई पडली की जिलेटिन गोठतच नाही.