तालुक्याच्या गावी वन्यजीव आणि अधिवास पुनर्स्थापनेवर व्याख्यानमाला कशी सुरू करावी?

आपण विचारले आहे की, करमाळा तालुक्यातील आपल्या दहा-बारा निसर्गप्रेमींच्या गटाला स्थानिक वन्यजीव संवर्धन आणि अधिवासांची पुनर्स्थापना या विषयांवर दरमहा एक व्याख्यान ठेवायचे आहे, तर आरंभ कोणत्या विषयाने करावा आणि लोक नुसते ऐकून घरी जाऊ नयेत यासाठी काय करता येईल. आपल्या शेजारच्या पट्ट्यात गेली काही वर्षे मी अशी व्याख्याने भरवीत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की, पहिले व्याख्यान माळरानावर ठेवावे. उजनीच्या रोहित पक्ष्यांवरील व्याख्यानाला गर्दी अधिक होईल हे खरे. परंतु उजनीकडे जाताना आपण जो माळ ओलांडतो त्याला शिकलेली माणसेही ‘पडीक’ म्हणतात, आणि तो शब्द मनातून गेल्याखेरीज पुनर्स्थापनेची चर्चा चुकीच्या दिशेने जाते.

ती दिशा म्हणजे वृक्षारोपण. शासकीय नोंदींतही गवताळ प्रदेशाचा मोठा भाग पडीक जमीन म्हणून धरला गेल्यामुळे तेथे सलग समतल चर खोदून ग्लिरिसिडिया, म्हणजे उंदीरमारी, लावणे हे वर्षानुवर्षे चांगले काम समजले गेले. चर खोदताना गवताची मुळे धरून ठेवणारा मातीचा पातळ थर उलथला जातो, आणि पुढे झाडांची सावली दाटली की कुसळी, मारवेल, पवना यांसारखी ऊन मागणारी गवते विरळ होतात. धाविक, पखुर्डी, माळटिटवी आणि अनेक जातींचे चंडोल हे माळावरचे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. काळवीट आणि चिंकारा यांचे रक्षण दूरवरचे दिसण्यावर आणि वेगावर अवलंबून असते. अशा प्राण्यांना दाट झाडी म्हणजे आसरा नव्हे, तर घर मोडणे होय. आमच्या पहिल्या व्याख्यानानंतर आम्हीही उत्साहाने माळावर रोपे लावली होती. त्या वेळी मागे बसलेल्या एका वयस्कर मेंढपाळाने शांतपणे विचारले, “ही झाडं मोठी झाल्यावर मेंढरं कुठं न्यायची?” त्या प्रश्नाला आमच्यापैकी कोणाकडेही उत्तर नव्हते, आणि आमची व्याख्यानमाला खऱ्या अर्थाने तेथून सुरू झाली असे मी मानतो.

आपल्या भागात बोलताना आणखी एक गोष्ट वक्त्याला आधीच सांगून ठेवावी. 1979 साली घोषित झालेल्या माळढोक अभयारण्याचे मूळ क्षेत्र 8,496 चौरस किलोमीटर होते आणि त्यात करमाळ्यासह सोलापूर व तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतील गावे, शेते, रस्ते असे सारेच आले होते. पुढे ते सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणले गेले. परंतु मधल्या काळात जमिनीच्या व्यवहारांवर आलेल्या निर्बंधांमुळे शेतकऱ्यांच्या मनात पक्ष्याविषयीच अढी बसली, आणि ज्याची मादी बहुधा वर्षाला एकच अंडे, तेही उघड्या माळावर घालते, त्या माळढोकाला स्थानिकांच्या आपुलकीची सर्वांत जास्त गरज असताना ती मिळाली नाही. सभेत हा विषय निघतोच. तो टाळू नये, उलट शेतकऱ्यांना पूर्ण बोलू द्यावे.

वक्ता निवडताना अभ्यासकाच्या शेजारी एक मेंढपाळ बसवावा, असा माझा आग्रह आहे. लांडगा हा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील प्राणी असला तरी आपल्याकडे तो अभयारण्याच्या आत नव्हे, मेंढ्यांच्या वाड्याभोवती जगतो. रात्री वाघर, म्हणजे मेंढ्यांभोवतीचे जाळ्याचे कुंपण, कशी लावतात, कोकरू उचलले गेले तर नुकसानभरपाईसाठी पंचनामा करताना काय अडते (लांडगा कोकरू घेऊन गेला की दाखवायला काही उरतच नाही), हे धनगर जितके नेमके सांगतो तितके कोणीही सांगत नाही. मोकाट कुत्र्यांचा विषयही घ्यावा, कारण त्यांच्यामार्फत रोग पसरतात आणि पुण्याजवळच्या लांडग्यांमध्ये कुत्र्यांशी संकर झाल्याचे जनुकीय तपासणीतून सिद्ध झाले आहे.

प्रत्यक्ष पुनर्स्थापनेचे काम दिसायला फार साधे असते, आणि म्हणूनच लोकांना ते पटवून द्यावे लागते. वेडी बाभूळ आणि उंदीरमारी हळूहळू काढावी, बोर आणि हिवर यांसारखी तुरळक देशी झाडे राहू द्यावीत, चर खोदू नयेत. पावसाळा संपताना जवळच्याच चांगल्या माळावरून पिकलेले गवताचे बी हाताने ओरबाडून घ्यावे, कोरडे ठेवावे आणि पुढच्या वर्षी पहिल्या पावसाच्या सुमारास उघड्या पडलेल्या जागी फेकावे. चराई कायमची बंद करू नये. गवताचे बी पडेपर्यंत एखादा तुकडा राखण्याचा करार मेंढपाळांशी तोंडी का होईना करावा. हा करार ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीपुढे मांडला आणि त्या माळावरील गवतांची, पक्ष्यांची नोंद लोक जैवविविधता नोंदवहीत केली, तर पुढे कोणी तो माळ पडीक ठरवू लागल्यास गावाकडे दाखवायला कागद असतो. माझ्या मते आपल्या मालेचे दुसरे व्याख्यान केवळ ही नोंदवही भरण्यावर असावे.

वेळेविषयी विचारले नाहीत, तरी सांगतो. 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह आपल्या राज्यात पाळला जातो, तेव्हा आरंभ करावा. सभागृहात पाऊण तासापेक्षा जास्त बोलू नये आणि त्याच दिवशी दुपारी चारला सर्वांना माळावर न्यावे. कर्जत तालुक्यातील रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य जेमतेम 2.17 चौरस किलोमीटरचे आहे, आणि एवढ्याशा राखलेल्या गवताने काय साधते हे पाहण्यासाठी एक फेरी तेथे करावी. मात्र लांडग्याची गुहा किंवा जमिनीवरचे घरटे कोणाला ठाऊक असेल, तर ती जागा सभेत सांगू नये, छायाचित्रासाठी तर मुळीच नाही; थंडीत पिल्ले असताना माणसांची वर्दळ वाढली की मादी पिल्ले दुसरीकडे हलवते. त्याऐवजी संध्याकाळी गवताच्या कडेला, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूस, सर्वांना खाली बसवावे. मध्य आशियाकडून आलेले भोवत्या (हॅरियर) हे शिकारी पक्षी त्या सुमारास जमिनीलगत घिरट्या घालत येतात आणि रात्रीच्या मुक्कामासाठी एकेक करून त्या गवतातच उतरतात.