विजनवास नव्हे, परागंदा!

प्रश्न असा आहे: 'शांततावादी जर्मन लेखिका हेलेन श्टॉकर यांनी अखेरची दहा वर्षे विजनवासात काढली' असे लिहिलेले चालेल का?

मुळीच नाही. जो तो देश सोडलेल्याला विजनवासात धाडतो, त्याचा आता खरोखर वीट आला आहे. विजन म्हणजे जिथे माणूस नाही अशी जागा. श्टॉकरबाई फेब्रुवारी १९४३ मध्ये वारल्या त्या न्यूयॉर्कमध्ये. तिथे कसले आले विजन? 'हद्दपार'ही नको, त्याला सरकारी हुकूम लागतो. १९३३ मध्ये राइशस्टागची, म्हणजे जर्मन संसदेची, इमारत जळाली, धरपकड सुरू झाली आणि बाई स्वतःच निसटल्या.

यासाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे, परागंदा. मला तो फार प्रिय. 'परा' दिसले की काही पंडित लगेच 'गम्' धातू जोडून त्याला संस्कृतात बसवतात. मग तो 'दा' कुठून आला, हे त्यांनी सांगावे! शब्द सरळ फारसी आहे. 'परागंदन' म्हणजे विखुरणे, उधळणे. 'परागंदा' म्हणजे विखुरलेला. मराठीत तो 'गाव सोडून पळालेला' या अर्थाने रुळला, तरी माझ्या मते मूळची उधळण त्यात अजून शिल्लक आहे. पळणारा एका दिशेने जातो, पण त्याचे घर, कागद, माणसे दहा दिशांना जातात.

बाईंचेच पाहा. जन्म १८६९ चा, एल्बरफेल्डचा. १९२१ मध्ये हॉलंडमधल्या बिल्टहोवनला युद्धाला नकार देणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली, तिच्या संस्थापकांत त्या होत्या. संघटनेचे पहिले नाव 'पाको', म्हणजे एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत शांतता. परागंदा झाल्यावर आधी स्वित्झर्लंड, पुढे स्वीडन, तिथून सोव्हिएत रशिया आणि जपानमार्गे १९४१ मध्ये अमेरिका. वय एकाहत्तर-बहात्तर! आत्मचरित्र अपुरेच राहिले. जे कागद वाचले, ते आज पेनसिल्व्हेनियातल्या स्वार्थमोर कॉलेजात आहेत.

आणि त्यांच्या स्वतःच्या भाषेतला एक शब्द सांगितल्याशिवाय राहवत नाही. जर्मनमध्ये हालअपेष्टांना 'एलेंड' म्हणतात. जुन्या जर्मनमधले त्याचे रूप 'एलिलेंटी', अर्थ 'परक्या मुलखात असलेला'. 'लांट' म्हणजे मुलूख, 'एलि' म्हणजे परका. परमुलूख हाच पुढे हालांचा शब्द झाला.