किटवरून मेकॅनिकल कीबोर्ड जोडायचा आहे, रोजचं काम मराठी टायपिंगचं आहे. जास्त लक्ष कशावर द्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोव्यात पेडणे तालुक्यात समुद्राजवळ राहता, दिवसभर इनस्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीत मराठी बातम्या टाइप करता, सोल्डरिंग येत नाही आणि तयार कीबोर्ड न घेता किट आणून स्वतः जोडायचा आहे. हे जमेल का, आणि पैसे कशावर घालावेत?

जमेल, सोल्डरिंग न शिकताही जमेल. छोटा स्क्रू-ड्रायव्हर, चिमटा, पकड, बारीक ब्रश, ग्रीस आणि एक मोकळा रविवार एवढं पुरतं. पण पैसे आणि वेळ कशावर घालावा, याबाबत माझं मत इतरांपेक्षा वेगळं आहे. बहुतेक जण स्विच, म्हणजे प्रत्येक कीखालचं बटण, निवडण्यात आठवडेच्या आठवडे घालवतात. मराठी टाइप करणाऱ्याने तेवढाच जीव स्टॅबिलायझरमध्ये, म्हणजे रुंद कींना तोलून धरणाऱ्या भागात, ओतावा.

मी डिचोलीत डीटीपीचं काम करतो. लग्नपत्रिका, देवस्थानांच्या स्मरणिका, नाटकांची हस्तलिखितं असं सगळं हातातून जातं, आणि सगळं इनस्क्रिप्टमध्येच. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये प्रमाणित केलेल्या या मांडणीत स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला आहेत. ख लिहायचा तर शिफ्ट धरून क, घ साठी शिफ्ट धरून ग. छ, झ, ठ, थ, ध, फ, भ सगळे असेच. ळ हा ल च्या डोक्यावर बसलाय, ण हा म च्या आणि श हा स च्या. ‘दुसऱ्या’ किंवा ‘तऱ्हा’ मधला ऱ शिफ्ट धरून र च्या कीवर मिळतो. ‘बॅट’ मधल्या चंद्रासाठी शिफ्ट आणि २. शब्दाच्या सुरुवातीचे अ, आ, इ, उ हेही शिफ्टमध्येच. इंग्रजी टाइप करणाऱ्याला शिफ्ट वाक्याच्या सुरुवातीला किंवा विशेषनामाला लागते, आपल्याला एकाच ओळीत कितीतरी वेळा लागते. त्यातही व्यंजनं उजवीकडे असल्यामुळे त्यांच्यासाठी डावी शिफ्ट धरावी लागते, आणि तीही करंगळीने.

आता कीबोर्डचा हिशेब बघा. साधी की म्हणजे १ यू, दोन शेजारच्या कींच्या मध्यांमधलं अंतर १९.०५ मिमी. २ यू किंवा त्याहून रुंद की एकाच स्विचवर ठेवली तर कडेला दाबल्यावर तिरकी होते, म्हणून तिच्या दोन्ही टोकांखाली तारेने जोडलेला स्टॅबिलायझर असतो. बॅकस्पेस २ यू, एंटर आणि डावी शिफ्ट २.२५ यू, स्पेसबार साधारणपणे ६.२५ यू, काही बोर्डांत ७. म्हणजे मराठीत सर्वांत जास्त मार खाणाऱ्या कींपैकी स्पेसबार आणि डावी शिफ्ट या दोन्ही स्टॅबिलायझरवरच उभ्या आहेत. तो सैल असला की स्पेसबार भजनाच्या पेटीतल्या ढिल्या पट्टीसारखी खडखडते, मग खालचा स्विच कितीही महागाचा असो. करंगळीला तर दर वेळी किंचित तिरकी होणारी शिफ्ट जाणवते आणि संध्याकाळपर्यंत हात दमतो.

म्हणून खरेदीपासूनच हे ध्यानात ठेवा. आकार ६५ टक्क्यांचा घ्या. त्यात बाणांच्या की असतात, ज्यांच्याशिवाय मुद्रितशोधन म्हणजे छळ, आणि अंकांची ओळ पूर्ण असते. ४० टक्क्यांचा बोर्ड फोटोत गोड दिसतो, पण त्यात अंकांची ओळच नसते. इनस्क्रिप्टमध्ये त्याच ओळीवर शिफ्टखाली ज्ञ, त्र, क्ष, श्र आहेत, तेव्हा तो आपल्या कामाचा नाही. पीसीबी (कींखालचा सर्किट बोर्ड) हॉट-स्वॅप हवा, म्हणजे स्विच सॉकेटमध्ये नुसता दाबून बसतो आणि हवा तेव्हा निघतो. स्टॅबिलायझर पीसीबीला स्क्रूने बसणारे घ्या, प्लेटला (पीसीबीच्या वर स्विच धरून ठेवणाऱ्या पातळ पत्र्याला) अडकणारे नको. मात्र पीसीबीची जाडी आधी विचारा. १.६ मिमीच्या पीसीबीसाठी बनवलेले स्टॅबिलायझर १.२ मिमीच्या पीसीबीवर हलतात, त्यांना वेगळी चकती लागते. विक्रेत्याच्या पानावर हे लिहिलेलं नसेल तर निरोप पाठवून विचारावं. उत्तर येईपर्यंत पैसे भरू नयेत.

स्विचबद्दल थोडक्यात. चेरी कंपनीचा एमएक्स स्विच १९८० च्या दशकातला. त्याच्या पेटंटची मुदत संपल्यावर गॅटेरॉन, केल अशा चिनी कंपन्यांनी त्याच मापाचे स्विच मोठ्या प्रमाणावर काढले. त्यामुळे एमएक्स मापाचा कुठलाही स्विच एमएक्स मापाच्या सॉकेटमध्ये बसतो, फक्त पीसीबीला पाच पायांची भोकं आहेत की तीन, ते बघून घ्या. लिनिअर सरळ खाली जातो, टॅक्टाइलमध्ये मध्येच एक उंचवटा बोटाला लागतो, क्लिकी त्यावर आवाजही करतो. घरात दुसरं माणूस झोपत असेल तर क्लिकी विसरा. चेरी रेडसारख्या लिनिअरला ४५ ग्रॅमच्या आसपास जोर लागतो आणि २ मिमी खाली गेला की अक्षर उमटतं. माझ्या कीबोर्डात अक्षरांखाली टॅक्टाइल आहेत आणि दोन्ही शिफ्टखाली हलके लिनिअर. शिफ्ट धरून ठेवायची असते, तिथे उंचवट्याचा उपयोग काहीच नाही आणि करंगळीला हलकं बरं. हॉट-स्वॅपमुळे अशी मिसळ करता येते. आजकाल बरेच स्विच कारखान्यातूनच ग्रीस लावून येतात, तेच मागवा. एकेक स्विच उघडून ग्रीस लावणं हे अख्ख्या दिवसाचं काम आहे आणि पहिल्या कीबोर्डला त्याची गरज नाही.

किट हातात आलं की काहीही जोडायच्या आधी नुसता पीसीबी तपासा. यूएसबी केबलने संगणकाला जोडा, ब्राउझरमध्ये की तपासण्याचं एखादं पान उघडा आणि चिमट्याची दोन टोकं प्रत्येक सॉकेटच्या दोन छिद्रांत टेकवा. प्रत्येक जागी अक्षर उमटलं पाहिजे. पीसीबी सदोष निघाला तर तो न जोडलेल्या अवस्थेतच परत घेतला जातो, सगळं बसवल्यावर वाद सुरू होतो. दोन्ही बाजूंना सी पिन असलेल्या केबलवर बोर्ड जिवंत झाला नाही तर घाबरू नका. काही पीसीबींवर त्यासाठी लागणारे ५.१ किलोओहमचे रेझिस्टर नसतात, साध्या चौकोनी पिनेच्या केबलवर ते नीट चालतात.

मग स्टॅबिलायझर. इथे घाई केली तर नंतर पस्तावाल, कारण हे पीसीबीवर प्लेटच्या खाली बसतात आणि एकदा वर प्लेट व सगळे स्विच बसले की त्यांच्यापर्यंत पोचायला सगळं उचकटावं लागतं. आधी तार. ती आरशावर किंवा काचेवर ठेवा आणि एका टोकाला बोटाने टकटक करा. दुसरं टोक उचलत असेल तर तार वाकडी आहे. पकडीने अगदी अलगद, केसभर वाकवत ती सपाट बसेपर्यंत सरळ करा. स्पेसबारच्या तारेला सर्वांत जास्त वेळ द्या, लांब असल्यामुळे तीच जास्त वाकते. कारखान्याचं ग्रीस चिकट, ढेकळाढेकळांचं असेल तर पुसून काढा. नंतर ब्रशने क्रायटॉक्स २०५जी० या ग्रीसचा पातळ हात स्टॅबिलायझरच्या डब्याच्या आतल्या भिंतींना आणि आत सरकणाऱ्या दांड्याला. तारेचं टोक दांड्यात जिथे शिरतं तिथे मात्र भरपूर हवं, तिथे दाट सिलिकॉन ग्रीसही चालतं. खडखडाट तिथूनच येतो. शिवणयंत्राचं तेल किंवा खोबरेल वापरू नका. ते पातळ होऊन पसरतं, धूळ धरतं आणि स्विचच्या संपर्कपट्ट्यांपर्यंत जाऊ शकतं. स्क्रू लावताना खाली किटमधली छोटी चकती घालायची, म्हणजे स्क्रूचं डोकं पीसीबीच्या तांब्याच्या रेषांना टेकत नाही. शिफ्ट आणि स्पेसबारच्या कीकॅप, म्हणजे कींची वरची टोपणं, आत्ताच तात्पुरत्या बसवून ऐका. आवाज आला तर पुन्हा काढा. मी तरी समाधान झाल्याशिवाय पुढे जात नाही.

यानंतरचं काम आनंदाचं. फोम असेल तर तो, त्यावर प्लेट. आधी चार कोपऱ्यांत स्विच बसवा म्हणजे प्लेट आणि पीसीबी एकमेकांना धरून राहतात. प्रत्येक स्विच बसवण्याआधी त्याचे दोन तांबूस पाय सरळ आहेत ना, ते उजेडात बघा. स्विच सरळ खाली दाबायचा, तिरका नाही, आणि पीसीबीखालून त्याच सॉकेटला बोटाचा आधार द्यायचा. आधाराशिवाय जोर लावला तर सॉकेट पीसीबीवरून सुटून येतो आणि मग सोल्डरिंगवाला शोधावा लागतो. एखादी की चालत नसेल तर दहांत नऊ वेळा पाय दुमडलेला असतो. स्विच काढा, चिमट्याने सरळ करा, परत बसवा. सगळ्या की तपासूनच केस बंद करा आणि यूएसबीच्या छोट्या बोर्डाला जाणारी केबल पूर्ण आत बसलीय का ते बघा.

मराठीसाठी वेगळा कीबोर्ड लागत नाही. कीबोर्ड संगणकाला फक्त कोणत्या जागेची की दाबली ते सांगतो, त्यावर मराठी क उमटवायचा का इंग्रजी के, हे विंडोज ठरवतं. पण किट व्हाया या, कींची कामं बदलून देणाऱ्या, सॉफ्टवेअरवर चालणारं असेल तर एक फार मोठी सोय होते. क्रोममध्ये व्हायाचं पान उघडून हव्या त्या कीला विंडोज आणि स्पेस ही जोडी देता येते. विंडोजमध्ये ती जोडी भाषा बदलते, म्हणजे इंग्रजी-मराठी एका बोटावर येतं. बातमीत मध्येच इंग्रजी नाव किंवा पत्ता आला की याची किंमत कळते. मी कॅप्स लॉकलाच ते काम दिलंय, मराठीत त्या कीचा तसाही उपयोग नाही. देवनागरी स्टिकर चिकटवू नका. वर्षभरात कडा सुटतात आणि बोटाला लागतात. कीकॅप पीबीटी प्लास्टिकच्या घ्या, एबीएसच्या रोजच्या वापरात लवकर चकचकीत होतात.

आता तुमच्या समुद्राचं. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिमी पाऊस पडतो, आणि किनाऱ्यावर बाकीचे महिनेही हवेत मीठ असतं. पहिला गंज धरते ती स्टॅबिलायझरची उघडी पोलादी तार. एकदा गंजली की ती खरखरते आणि ग्रीस तपकिरी होतं. सोन्याचा मुलामा दिलेली तार असलेले स्टॅबिलायझर मिळतात, तुम्ही ते घ्याच. शिवाय पूर्ण तारेवर ग्रीसचा अगदी पातळ थर द्या, फक्त टोकांना नाही. पितळी प्लेट सुंदर दिसते, पण किनाऱ्यावर काळवंडते. एफआर४ (पीसीबीचंच फायबरग्लास) किंवा पॉलिकार्बोनेटची प्लेट बरी. केसमध्ये साधा स्पंज भरू नका, तो ओल धरून ठेवतो. बंद छिद्रांचा पीई फोम वापरा. लाकडी मनगट-टेकूला पावसाळ्यात बुरशी येते. जून ते सप्टेंबर या काळात काम नसताना कीबोर्ड झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. चवथ (गणेशचतुर्थी) झाली, ऊन पडू लागलं की कीकॅप काढून ब्रश फिरवा आणि स्पेसबारची तार एकदा बघून घ्या. केमिस्टकडे मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल पुसायला चांगलं, फक्त केबल काढून, आणि ते पूर्ण उडेपर्यंत थांबून.

देशातल्या विक्रेत्यांकडूनच घ्या. परदेशातून मागवलं तर कस्टम भरावं लागतं आणि सदोष माल परत पाठवणं जवळपास अशक्य होतं. दोन-तीन किट मनात असतील तर त्यांची नावं आणि पीसीबीची जाडी इथे लिहा. कोणते स्टॅबिलायझर बसतील ते बघून सांगतो.