डबीवर काय लिहिलं होतं?

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र रात्री दोनदा वाचलं. निफाडकडच्या उसात मेलेल्या बिबट्यातला डिस्टेंपर, म्हणजे कुत्र्यांच्या त्या जीवघेण्या रोगाचा विषाणू, आणि त्याच गावच्या कुत्र्यातला डिस्टेंपर अक्षरन् अक्षर जुळले. सगळे म्हणतात, ‘कुत्र्याकडून बिबट्याला गेला, लिहून टाक पेपर’. तुला मात्र झोप नाही. बरंय, येऊच नये.

मी एकच विचारतो: नमुन्याच्या डबीवर काय लिहिलं होतं?

तू वाचलास एच जीनचा, म्हणजे विषाणूच्या एका जनुकाचा, तुकडा. अख्खा विषाणू सुमारे 15,700 अक्षरांचा. तुकडा जुळला म्हणजे आडनाव जुळलं. निफाडात पाटील काय थोडे आहेत? पूर्ण जनुकक्रम लाव. तोही जुळला तरी कुत्र्याकडूनच गेला कशावरून? दोघांनाही एखाद्या कोल्ह्याकडून लागला असेल. किंवा तुझ्याच टेबलावर या नळीतला थेंब त्या नळीत पडला असेल. निगेटिव्ह कंट्रोल, म्हणजे नमुना न घातलेली नळी, कोरा होता ना? पत्रात त्याबद्दल अवाक्षर नाही, म्हणून रागावलोय.

2018 साली गीरमध्ये वीसहून जास्त सिंह गेले. पुण्याच्या एनआयव्हीनं, म्हणजे विषाणू संस्थेनं, त्यांच्यातला डिस्टेंपर वाचला, तो सुरुवातीला पूर्व आफ्रिकेतल्या वाणांजवळचा असल्याचं सांगितलं गेलं. म्हणून सिंह काय आफ्रिकेला जाऊन आले? वंशावळीतून नातं कळतं. विषाणू कुठल्या वाटेनं आला ते तारीख, शिवार, नमुना उचलणारा माणूस यांच्यावरून काढावं लागतं. म्हणजे डबीवरून!

सिन्नरकडं एक बिबट्याची मादी झटके येऊन मेली होती. मी मेंदू, फुफ्फुस, सगळं एकाच बरणीत फॉर्मलिनमध्ये बुडवलं. आरएनएची, म्हणजे विषाणूच्या जनुकद्रव्याची, वाट लागली. चिठ्ठी बॉलपेनची, शाई उडाली. आठवड्यानं दुसरी बरणी आली, तीही तशीच. कुठली कुणाची? मी अंदाजानं नमुन्यांचे क्रमांक टाकले. हो, अंदाजानं. हाताशी एकच गडी, वरून अहवालासाठी फोनावर फोन. माझ्या जागी कुणीही तेच केलं असतं. तू केलं नसतंस, म्हणून तर हे तुला लिहितोय.

नॅनोपोरचं, जनुकक्रम वाचायचं यंत्र घ्यावं का, विचारतेस. घे की, तळहाताएवढं तर आहे. पण आधी गावात जा. बिबट्याची तारीख वनखात्याच्या पंचनाम्यात मिळेल. कुत्र्याची कुठं लिहिलेली नसणार. त्या घरातल्या आजीला विचार, पोळ्याच्या आधी मेला की नंतर? आधी खोकत होता की थेट झटके आले? उसाच्या कडेला आणखी कुत्री मेली का? कुत्रा बिबट्याच्या नंतर आजारी पडला असं निघालं तर तुझ्या आकृतीतला कुत्र्याकडून बिबट्याकडचा बाण पुसावा लागेल. पुस.

रविवारी सकाळच्या एसटीनं मी येतो. फ्रीझरची वही घेऊन फाट्यावर थांब. शिसपेन्सिल मी आणतो.

तुझा,
डॉक्टरकाका