गाडीच्या आतल्या प्लास्टिकवरचे आणि रेग्झिनवरचे ओरखडे हजार रुपयांत निघतील का?

तुम्ही लिहिलंय की आंब्याच्या पेट्या आत-बाहेर ओढताना डिकीच्या बाजूच्या काळ्या प्लास्टिकवर पांढरे ओरखडे पडलेत, चालकाच्या दाराच्या आर्मरेस्टचं रेग्झिन बोटभर फाटलंय, आणि अ‍ॅक्सेसरीवाला म्हणतो, ‘डॅशबोर्ड पॉलिश मारत राहा, दिसणार नाही.’ त्या शेवटच्या वाक्यामुळे उत्तर लिहायला बसलो. पॉलिश मारू नका. आधीच मारलं असेल तर पहिलं काम ते उतरवण्याचं. ओरखड्याचं काम अर्ध्या तासाचं असतं. त्यावर वर्षभर चोपडलेलं पॉलिशमधलं सिलिकॉन तेल काढायला अख्खी दुपार जाते.

डिकीचं आधी संपवतो, ते सोपं आहे. ते प्लास्टिक जवळपास नक्की पॉलिप्रॉपिलीन (थोडक्यात पीपी) असणार, त्यात टाल्क म्हणजे शंखजिऱ्याची पूड मिसळलेली. पेटीचा खिळा घासला की पृष्ठभाग फाटून खडबडीत होतो, टाल्क उघडं पडतं आणि तिथे प्रकाश विखुरतो, म्हणून काळ्यावर पांढरं दिसतं. रंग गेलेला नसतो, तो प्लास्टिकच्या आरपार असतो. ओलं बोट फिरवून बघा. ओलं असेपर्यंत पांढरेपणा गायब होत असेल तर ओरखडा वरवरचा आहे आणि हीट गनने, म्हणजे गरम हवेचा झोत सोडणाऱ्या यंत्राने, बसेल. ओलं करूनही रेघ दिसतेय आणि नख अडकतंय, तर ती खोल चीर आहे. तिच्यावर गन फिरवून वेळ घालवू नका. त्याआधी साधा खोडरबर घासा. बऱ्याचदा तो ओरखडा नसतोच, पेटीच्या पट्टीचं किंवा बुटाच्या तळव्याचं प्लास्टिक वर घासून बसलेलं असतं आणि रबराने निघून येतं.

हीट गन विकत घ्यायची गरज नाही, कुठल्याही पेंटरकडे किंवा कार रॅपिंगवाल्याकडे असते. तापमान बदलता येत असेल तर ३०० अंशांच्या आसपास ठेवा, तोंड पृष्ठभागापासून दहा-बारा सेंटीमीटर लांब, आणि हात एका जागी थांबू देऊ नका. पॉलिप्रॉपिलीन १६० ते १६५ अंशांना वितळतं. आपल्याला त्याच्या अलीकडे थांबायचंय. पांढरी रेघ काळी पडायला लागते, पाठोपाठ पृष्ठभागावर ओलसर चमक येते. चमक दिसली की त्याच क्षणी गन बाजूला. थंड होईपर्यंत बोट लावू नका, ठसा उमटतो. चमक येऊनही गन फिरवत राहिलात तर प्लास्टिकचा दाणा, म्हणजे वरची बारीक खडबडीत नक्षी, सपाट होतो आणि तिथे कायमचा गुळगुळीत डाग राहतो. तो कशानेही परत येत नाही. हेअर ड्रायरची उष्णता या कामाला पुरत नाही. लायटरने काजळी बसते आणि कडा जळतात. डिकीच्या ट्रिममागे, म्हणजे त्या आतल्या प्लास्टिकच्या आवरणामागे, मागच्या दिव्याची वायरिंग आणि फेल्ट असतं, त्यामुळे शक्य असेल तर ट्रिम काढूनच काम करा.

मात्र हे फक्त पॉलिप्रॉपिलीनसाठी. गिअरभोवतीची फ्रेम, म्युझिक सिस्टिमची पट्टी, एसीच्या जाळ्या बहुधा एबीएस या दुसऱ्या जातीच्या प्लास्टिकच्या असतात आणि एबीएस १०० अंशांच्या आसपासच मऊ पडतं. ओरखडा जायच्या आधी पार्ट वाकतो. पार्ट काढला की पाठीमागे टोकदार कंसांत प्लास्टिकचं नाव कोरलेलं सापडतं: ‘पीपी-टी२०’, ‘पीपी-टीडी२०’ किंवा ‘एबीएस’. तेच वाचा. ‘तुकडा पाण्यात तरंगला तर पीपी’ ही चाचणी सगळे सांगतात, पण वीस टक्के टाल्क घातलेलं पीपी पाण्याहून जड असतं आणि बुडतं. साधं पीपी तेवढं तरंगतं.

आता पॉलिशचं. गेल्या उन्हाळ्यात एक बेज रंगाचं डोअर पॅड, म्हणजे दाराचं आतलं आवरण, दुरुस्तीला आलं. खालच्या खिशाजवळ बुटांचे ओरखडे, वर आर्मरेस्टला चीर. एका दुकानात ते आधीच ‘रंगवून’ झालं होतं. कडेला मास्किंग टेप दाबून ओढली तर तळहाताएवढा रंगाचा पापुद्रा टेपबरोबर उचलून आला, आणि त्याची आतली बाजू तेलकट. दुकानदाराने पुसून, वर प्रायमर न मारता सरळ स्प्रे केला होता. सिलिकॉन तेल पीपीच्या दाण्याच्या खाचांत बसतं. कोरड्या फडक्याने ते निघत नाही, फक्त पसरतं. आधीच पीपीला रंग धरत नाही, त्यात तेलाचा थर. असा रंग तीन महिनेसुद्धा टिकायचा नाही.

अशा पॅडचं काम क्रमाने असं होतं. इग्निशन बंद, हँडलमागची टोपी आणि पकडीतला स्क्रू काढायचा, मग कडेच्या क्लिप प्लास्टिकच्या पट्टीने खालून वर उचकटायच्या. थंडीच्या सकाळी हे करू नका, क्लिप तडकतात; पॅड उन्हात थोडं गरम होऊ द्या, आणि दहा क्लिप आधीच आणून ठेवा. खिडकीच्या बटणाच्या वायरचा कपलर (जोड) सोडवा. पॅडमागे दारावर चिकटवलेला प्लास्टिकचा पडदा असतो, तो फाडू नका आणि बसवताना नीट दाबून चिकटवा. तो सैल राहिला की पहिल्याच पावसात पायाखालचं मॅट ओलं होतं आणि माणूस दाराच्या रबराला दोष देत बसतो.

मग धुणं. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, नायलॉनचा मऊ ब्रश, सगळीकडून दोनदा. वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल. इथे दोन फडकी लागतात: एकाने ओलं करायचं, दुसऱ्याने ते उडून जायच्या आत उचलायचं. एकच फडकं वापरलं तर तेल एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जातं. फडकी बदलत राहा. झालं का हे कळायला टेप लावून बघा: पॅडच्या पाठच्या बाजूला, जिथे पॉलिश कधी पोचलं नाही, टेप जशी धरते तशीच पुढे धरली पाहिजे. पुढे सहज सुटत असेल तर अजून तेल आहे. थिनरने घाई करू नका. थिनर आणि अ‍ॅसिटोन एबीएस विरघळवतात आणि रेग्झिनचा वरचा थर ओरबाडून नेतात.

दाणेदार प्लास्टिकवर पॉलिश पेपर चालवायचा नाही. ओरखड्याच्या कडेला उभे राहिलेले तुसे धारदार ब्लेड आडवं धरून कापायचे, बस. खोल चीर भरायचीच असेल तर एम-सील, फेविक्विक यांचा पीपीवर उपयोग नाही, दोन्ही काही दिवसांत टवका होऊन पडतात. फेविक्विकची वाफ बाजूला पांढरी बसते ती वेगळीच. पीपीला पीपीच लागतं, म्हणजे त्याच जातीची प्लास्टिकची काडी सोल्डरिंग आयर्नने चिरेत वितळवून मिसळायची. मऊ पुट्टी वापरायची तर आधी पीपीचा प्रायमर. दाण्यासाठी दोन भागांच्या सिलिकॉन पुट्टीचा साचा करा: त्याच पॅडच्या चांगल्या भागावर दाबून सुकवायचा आणि भरलेल्या जागी पुट्टी अर्धवट ओली असताना उमटवायचा. साचा ठेवलेली जागा नंतर पुन्हा अल्कोहोलने पुसायची, कारण साचाही सिलिकॉनचाच.

रंगाच्या आधी पीपी प्रायमरचा एकच पातळ, पारदर्शक हात. जाड मारला तर तोच सुटतो. बहुतेक प्रायमर पूर्ण वाळायच्या आत वरचा रंग मागतात, डब्यावरची वेळ पाळा. रंग जुळवायला आतल्या हँडलची टोपी घेऊन रंग मिक्स करणाऱ्याकडे जा आणि मॅट मागा. बेजमध्ये ठिपका रंगवून चालत नाही, उन्हाने बाकीचं पॅड पिवळट झालेलं असतं. जिथे जोडाची रेघ आहे तिथपर्यंत अख्खा तुकडा रंगवायचा. वीस-पंचवीस सेंटीमीटरवरून तीन हलके हात, मध्ये दहा मिनिटं. पावसाळ्यात दमट हवेत मारलात तर रंगावर पांढुरकी झाक येते, तेव्हा कोरडा दिवस बघा. एक दिवस वाळू द्या, आठवडाभर ओलं फडकं लावू नका.

तुमच्या आर्मरेस्टचं रेग्झिन. आधी अंगठ्याने दाबा. दाबल्यावर बारीक रेषा उमटून तशाच राहत असतील तर त्यातला मऊपणा देणारा घटक उडून गेलाय. ते भरलंत तर पुढच्या उन्हाळ्यात शेजारी तडकेल. ते कुशनवाल्याकडे द्या आणि तेवढाच तुकडा मढवून घ्या. मऊ असेल तर दुरुस्ती टिकते. कडेचे दोरे कापा, फाटलेल्या भागापेक्षा चहूबाजूंनी सेंटीमीटरभर मोठा सुती कापडाचा तुकडा चिमट्याने आत सरकवा आणि चिकटवा. नेहमीचं पिवळं रबर सोल्युशन इथे कमी पडतं, रेग्झिनमधला तेलकट घटक त्यात उतरतो आणि उन्हात कडा उघडतात. बूट दुरुस्त करणारे पीव्हीसीच्या सोलसाठी पीयू (पॉलियुरेथेन) सोल्युशन वापरतात, ते घ्या. फेविक्विक नको, ते काचेसारखं कडक होतं आणि त्याच्या कडेवर नवी चीर जाते. वरून हवेत सुकणारी व्हिनाइल पेस्ट पोस्टकार्डाएवढ्या पातळ थरांत, प्रत्येक थर सुकल्यावर पुढचा. सुकताना ती आकसते, म्हणून एका दमात भरली की मध्ये खळगा राहतो. शेवटच्या थरावर साचा, मग लवचीक व्हिनाइल रंग.

‘त्यापेक्षा सगळी पॅडं रेग्झिनने मढवा’ असंही तुम्हाला कोणीतरी सांगेलच. कडक पीपीवर सोल्युशन धड धरत नाही. मे महिन्यात बंद गाडीत खिशाच्या वळणावर पहिला फुगा येतो. आणि कुरकुर सुरू होते, कारण कडांना जाडी वाढून क्लिप पूर्ण बसत नाहीत. हा वाद अनेक दुकानांत घालून झालाय. मढवलेलं पॅड वर्षभराने दाखवा म्हटलं की विषय बदलतो. चकाकणाऱ्या डॅशबोर्डचंही तेच. दुपारी त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं आणि त्यावर धूळ दुप्पट बसते. नवीन गाडीचा डॅशबोर्ड मॅट असतो तो कंपनीने विचार करूनच.

खर्चाचं म्हणाल तर डिकी आणि आर्मरेस्ट हजारात बसायला हरकत नाही, गन मागून आणलीत तर. अल्कोहोल, सोल्युशन, पेस्ट, टेप एवढंच सामान. पॅड रंगवायचं झालं तर प्रायमर आणि मिक्स केलेला रंग यांतच हजार ओलांडतील. डिकीची ट्रिम तुटलेली असेल तर दुरुस्तीच्या नादी न लागता कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुना पार्ट बघा. पार्टची पाठ वाचायला विसरू नका, आणि रंगाची छटा उन्हात जुळवा, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नाही.

राहिलेल्या गोष्टी. एअरबॅगच्या झाकणावर, म्हणजे स्टिअरिंगच्या मध्यभागी आणि प्रवाशासमोरच्या डॅशबोर्डवर, गन, पुट्टी, रंग यातलं काहीही नको. ते झाकण ठरलेल्या रेषेवर फाटायला हवं. सीटच्या कडेला एअरबॅगचा टॅग असेल तर तिथली शिवणही चिकटवू नका. काही गाड्यांच्या आतल्या भागांवर रबरासारखा मऊ लेप असतो; जुना झाला की तो चिकट होतो आणि अल्कोहोलने अख्खा उतरतो, म्हणून आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात फडकं लावून बघा. पियानो ब्लॅकवर, म्हणजे आरशासारख्या चकचकीत काळ्या प्लास्टिकवर, हे काहीही लागू नाही, तिथे फक्त बारीक कंपाऊंड आणि स्वच्छ मायक्रोफायबर. आणि स्प्रे गाडीत बसून मारायचा नाही. पार्ट बाहेर काढा, उघड्यावर ठेवा, तोंडाला रंगाच्या वाफेचा मास्क लावा, धुळीचा चालत नाही. अल्कोहोलची बाटली चालू हीट गनच्या आसपास नको.