डीफायमध्ये (ब्लॉकचेनवर बँकेशिवाय चालणाऱ्या वित्तसेवांमध्ये) मतदानाने मंजूर झालेला बदल लगेच लागू का करत नाहीत?

कारण मधल्या वेळात तुम्हाला पैसे काढून बाहेर पडता येतं. कंपाउंड या कर्ज देणाऱ्या-घेणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये मंजूर प्रस्ताव टाइमलॉकमध्ये, म्हणजे सक्तीच्या प्रतीक्षेत, 2 दिवस थांबतो. त्यात नेमकं काय बदलणार, हे ब्लॉकचेनवर कुणालाही वाचता येतं.

हे नसलं तर काय होतं? एप्रिल 2022 मध्ये बीनस्टॉक या डीफाय प्रोटोकॉलवर हल्लेखोराने फ्लॅश लोनने (विनातारण, क्षणिक कर्जाने) टोकन घेऊन त्यांच्या जोरावर मतं मिळवली आणि त्याच व्यवहारात प्रस्ताव अंमलात आणून तिजोरी रिकामी केली. प्रोटोकॉलचं नुकसान सुमारे 18 कोटी डॉलर! मतदान आणि अंमलबजावणीत दिवसाचं अंतर असतं, तर उसनी मतं निरुपयोगी ठरली असती, कारण फ्लॅश लोन त्याच व्यवहारात फेडावं लागतं.

मात्र 2021 मध्ये कंपाउंडच्या कोडमधली चूक दुरुस्त करायलाही याच प्रक्रियेमुळे आठवडा लागणार होता. तरी मी टाइमलॉक नसलेल्या प्रोटोकॉलमध्ये पैसे ठेवणार नाही.