‘देव आहे’ या वाक्यातला ‘आहे’

प्रश्न : ‘देव आहे म्हणजे काय?’ असे माझा मुलगा विचारतो आणि मी ‘देव चराचरात आहे’ असे सांगतो. त्यावर तो म्हणतो, “बाबा, चराचर आहे हे मलाही मान्य आहे, मग तुम्ही त्यात भर काय घातलीत?” मी निरुत्तर होतो. – एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या चिरंजीवांचा प्रश्न उद्धट नाही, नेमका आहे. ‘डब्यात साखर आहे’ याची खातरजमा झाकण उघडून होते. ‘माझ्यावर कर्ज आहे’ म्हणावे, तर ते कोणत्याही कपाटात सापडत नाही, तरी दरमहा हप्ता भरणाऱ्याला ते नाही असे कोणी पटवू शकत नाही. आणि ‘२० ते ३० यांच्या दरम्यान दोन मूळ संख्या आहेत’ हे केवळ गणिताने ठरते. तेव्हा ‘आहे’ म्हणणाऱ्याने आपली कसोटीही सांगायला हवी.

नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांनी, ती सांगितली. घट हे कार्य आहे म्हणून त्याला कुंभार असतो. पृथ्वी आणि अंकुर हीही कार्येच, म्हणून त्यांनाही कर्ता असला पाहिजे, हा उदयनाचार्यांच्या ‘न्यायकुसुमांजली’तील प्रसिद्ध युक्तिवाद. येथे ‘देव आहे’ म्हणजे जगाहून वेगळा, ज्ञान आणि इच्छा असलेला कर्ता आहे. अर्थ इतका स्पष्ट असल्यामुळेच असे विधान खोडताही येते. उदयनांच्या कितीतरी आधी कुमारिल भट्टांनी विचारले होते, की शरीरच नसलेल्या कर्त्याला सृष्टी निर्माण करण्याची इच्छा तरी कशी व्हावी? हे कुमारिल वेदांना प्रमाण मानणारे मीमांसक होते. म्हणजे जुन्या परिभाषेत आस्तिकच.

आपले ‘चराचरात’ मात्र या घरचे नाही, ते वेदान्ताच्या घरचे आहे. ‘अमृतानुभवा’त ज्ञानेश्वर सांगतात, की सत्, चित् आणि आनंद हे शब्द असत्, जड आणि दुःख यांचे निवारण करण्यापुरते आहेत; ते ब्रह्मवस्तूचे वर्णन करीत नाहीत, आणि काम झाल्यावर त्यांनाही माघार घ्यावी लागते. या अर्थाने देव ही जगातील वस्तूंच्या यादीत वाढवलेली आणखी एक वस्तू नव्हे. त्यामुळे यादीत भर पडत नाही हे आपल्या मुलाचे म्हणणे खरे आहे; दावा आहे तो यादीतील कोणतीही वस्तू स्वतःच्या बळावर ‘आहे’ नाही, एवढाच. तो दावा पटेल किंवा न पटेल, पण तो पोकळ नाही.

मला आक्षेपार्ह वाटते ते वेगळेच. आपण बोलायला लागतो नैयायिकासारखे आणि अडचण आली की वेदान्ताच्या घरात जाऊन बसतो. नवस बोलताना आपल्याला ऐकणारा आणि देणारा देव हवा असतो. वाद सुरू झाला की तोच ‘एक शक्ती’ होतो, आणि मग नाकारणाऱ्याला नाकारायला काही उरतच नाही. संध्याकाळी देवापुढे हात जोडताना यांपैकी कोणता ‘आहे’ आपल्या मनात असतो, ते एकदा पाहावे आणि मुलाला तेच सांगावे.